गुडघाभर पाणी

रघूच्या रजेच्या अर्जावर सही आणायची, एवढंच काम होतं.

मी तेव्हा रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत टाइम ऑफिसात होतो. हजेरीचं मस्टर, शिफ्टचे तक्ते, रजेचे अर्ज, हे माझं खातं. रघू आमच्याकडे फिटर. सत्त्याण्णवच्या जानेवारीत तो आठ दिवस न सांगता कामावर आला नाही, तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "दत्तात्रेय, दहा दिवस झाले की नोटीस काढावी लागेल. तुमची त्याची ओळख आहे. घरी जाऊन सही घेऊन या."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, पण ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला आधी तेच सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत मी आणि आमची ही अंदमानला जाऊन आलो होतो. कंपनीची प्रवासाची सवलत मिळायची; बाकीचे लोक त्यात तिरुपती नाहीतर म्हैसूर करायचे. मी मद्रासहून बोटीने अंदमान केलं आणि परत आलो तो रोह्यात एकदम जाणकार होऊन. तिकडे जायचं कुणाच्याही मनात आलं की लोक माझ्याकडे पाठवायचे. वरसेला आमच्या घरी ओसरीवर रविवारी दोघं-तिघं तरी बसलेले असायचे. तेच तेच किती वेळा सांगणार, म्हणून मी चार पानं लिहून काढली आणि त्यांच्या झेरॉक्स करून ठेवल्या. वर मथळा दिला, 'अंदमानला जाताना'.

त्यातलं बरंचसं खरं होतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. बोटीला तीन दिवस लागतात, मधल्या भागातली जागा मागून घ्यावी, तिथे हलणं कमी लागतं. उलटीसाठी आवळासुपारी आणि चुरमुरे जवळ ठेवावेत. तिकडे पहाटे पाचलाच उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला दिवस मावळतो, तेव्हा फिरायला सकाळीच बाहेर पडावं. पोवळ्याच्या दगडांनी पाय कापतात, कॅनव्हासचे बूट न्यावेत. ते दगड घरी आणू नयेत, बंदरावर झडतीत काढून घेतात. मच्छरदाणी न्यावी, बॅटरी न्यावी, पाणी उकळून प्यावं. हे सगळं मी स्वतः पाहिलेलं, भोगलेलं.

तिसऱ्या पानाच्या शेवटी मात्र मी असं लिहिलं होतं: 'छोट्या होडीने लहान बेटावर अवश्य जावे. पाणी निळे, स्वच्छ व गुडघाभर. पोहता न येणाऱ्यांनीही न घाबरता पलीकडच्या खडकापर्यंत चालत जावे. हे चुकवू नये.'

त्या बेटावर मी गेलो नव्हतो.

आमच्याबरोबरची मंडळी गेली. त्या सकाळी हिच्या अंगात कसर होती, तेवढं निमित्त मला पुरलं. खरं म्हणजे मी धक्क्यावर ती होडी बघितली आणि मागे फिरलो. पाण्याला मी लहानपणापासून घाबरतो. संध्याकाळी मंडळी परत आली, जेवताना बोलली, ते मी ऐकलं आणि रोह्याला येऊन माझं म्हणून सांगायला लागलो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ही चहा घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, कप ठेवले आणि आत गेली. पुढे कधी काही बोलली नाही.

पंचाण्णवच्या डिसेंबरात रघू बायकोला घेऊन आला. मालू तिचं नाव. पेणच्या पलीकडे खाडीकाठचं त्यांचं गाव, तिचा बाप मिठागरात राबलेला. ती स्वतः गावात बालवाडी चालवायची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. मांडीवर वही घेऊन बसली आणि आधीच लिहून आणलेले प्रश्न एकेक विचारत गेली. मी उत्तर दिलं की पुढे बरोबरची खूण करायची. त्या दिवशी ओसरीवर आणखी पाच-सहा जण होते. ते तिच्याकडे बघून हसत होते, तिचं लक्ष नव्हतं.

"अंदमानच का गो?" मी विचारलं.

"आमचं पाणी कायम गढूळ, भाऊ," ती म्हणाली. "जन्म गेला खाडीवर, पण तळ दिसतो असं पाणी मी पाहिलेलं नाय. एकदा बघायचंय."

मग ती तिसऱ्या पानावर आली. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे गुडघाभर पाणी... ते ओहोटीला की भरतीला?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. रोह्याच्या, कोलाडच्या माणसाला तो सुचलाच नसता. खाडीकाठच्या बाईला पहिला तोच सुचणार. माहीत नाही, एवढं म्हणायचं होतं. पण समोर पाच-सहा माणसं बसली होती.

"अगो, तिथं आपल्या खाडीसारखं नसतं," मी म्हणालो. "पाणी दिवसभर सारखंच."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. पटलेलं नव्हतं तिला. पण मी जाऊन आलेलो, आणि ती मुंबईपलीकडे कधी गेलेली नव्हती. तिने वहीत बरोबरची खूण केली.

संक्रांत झाल्यावर ते गेले. पंचवीस जानेवारीला कंपनीत तार आली. रघू एकटाच परत आला.

पाणी चढलं, ती पुढे होती, हात पोचला नाही. एवढंच तो सगळ्यांना सांगायचा. मालू सापडलीच नाही. तेराव्याला मी कंपनीच्या लोकांबरोबर त्यांच्या घरी गेलो. रघूची आई काशीबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, माणसं तिला नुसती काळी-पांढरी दिसायची. मी दारातच घुटमळत उभा राहिलो; मी कोण ते कुणीतरी सांगितलं. तिने माझा हात धरून मला जवळ बसवलं.

"तुमी गेलेलात ना तिथं?" ती म्हणाली. "कशी जागा हाय ती? आमचा रघू काय बोलत नाय. मना सांगा, पोर माझी कंच्या जागी ऱ्हायली."

आणि मी सांगितलं. तेव्हाही मी खरं बोललो नाही. पांढरी वाळू सांगितली, केवड्याचं बन सांगितलं, बनामागे गोड्या पाण्याची विहीर आहे म्हणून सांगितलं. म्हातारीला बरं वाटावं म्हणून मी ती विहीर तिथल्या तिथे रचली. ती मान हलवत ऐकत होती. "गोडं पाणी हाय जवल. बरं झालं," एवढंच म्हणाली. रघू समोर दाराशी बसून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, तो ऐकतोय. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता.

तर अशा घरी मला वर्षाने परत जायचं होतं.

दुपारच्या पॅसेंजरने मी पेणला उतरलो. स्टँडवरून टेम्पो मिळाला, त्याने रस्ता संपतो तिथे सोडलं. पुढे बांधावरून अर्ध्या तासाची चाल. जानेवारी अखेरचं ऊन, चार वाजत आलेले. दोन्ही बाजूंना मिठागरं. चौकोनी वाफ्यांत पाणी आटून वर पांढरी साय धरलेली आणि कडेने मिठाच्या लहान लहान राशी. वारा अगदी पडलेला. खाडीचा तो चिखलाचा, कुबट वास नाकात भरत होता. माझ्या बुटांचा आवाज तेवढा येत होता.

वाटेत एक मिठागरवाला लाकडी फावड्याने मीठ ओढत होता. त्याचं नाव कान्हू, हे मला मागाहून कळलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काम थांबवलं.

"परत फिरलात?" तो म्हणाला.

"परत कसला? आताच येतोय. रघूचं घर हेच ना पुढे?"

त्याने गावाच्या बाजूला पाहिलं, मग माझ्याकडे.

"मगाशी याच वाटेनं गेलात," तो म्हणाला. "राम राम केला मी. तुमी बोललात नाय."

"दुसरं कुणी असेल."

"असंल," तो म्हणाला, आणि फावडं उचललं. पण मी बराच पुढे गेलो तरी मीठ ओढल्याचा आवाज मागून आला नाही. वळून बघितलं तेव्हा तो तसाच उभा होता.

रघूचं घर गावाच्या टोकाला, खाडीकडे तोंड करून. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, त्यात सुकत घातलेले वाल. दार उघडं होतं. मी हाक मारली. आतून काशीबाईचा आवाज आला, "या. आज तरी आत या."

मी आत गेलो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसेना. खाली पाट होता, त्यावर दाराकडे पाठ करून बसलो. म्हातारी समोरच्या भिंतीशी सूप घेऊन बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"मी दत्तात्रेय. कंपनीतनं आलो. रघू कुठाय?"

"वळखलं. रघू उघाडीवर बसलाय, बांधाच्या तिकडं. जेवत नाय, बोलत नाय." तिने सुपातलं बोटाने चाचपलं. "तुमी रोज येता नि तसेच जाता. त्याला भेटत बी नाय."

"मी? मी वर्षानंतर येतोय, आजी."

"रोज येता," ती शांतपणे म्हणाली. "धा दिस झालं. पानी भरायला लागलं का दारात उभं ऱ्हाता. या म्हटलं तर येत नाय. मना तोंड दिसत नाय, पन उभं ऱ्हायची ढब वळखते मी. तेराव्याला असंच उभं ऱ्हायलेलात, आत याचं का नाय ते न कळल्यावानी."

म्हातारं माणूस, डोळे गेलेले, त्यात वर्षभराचं दुःख. मी मनाशी तसं म्हणून घेतलं. खिशातून अर्ज काढला. मागे दूर कुठेतरी पाण्याचा आवाज सुरू झाला होता. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीचं पाणी तिथून मिठागरात घेतात. त्या दारातून पाणी आत शिरताना घोगरा आवाज येतो, तसा.

आणि वास बदलला.

चिखलाचा वास गेला. त्याच्या जागी खारट, स्वच्छ, किंचित ओल्या नारळाच्या काथ्यासारखा वास आला. तो मला ओळखीचा होता. तीन दिवस बोटीत काढून अंदमानच्या धक्क्यावर उतरलो, तेव्हा पहिला हाच वास आला होता. त्यानंतर कुठेच नाही.

काशीबाईने सूप खाली ठेवलं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"आलात..." ती म्हणाली. मग थांबली. तिने हात पुढे करून माझा गुडघा चाचपला, माझा हात चाचपला. तिची बोटं थंड होती. "तुमी तर हितं बसलाय... मंग दारात कोन हाय?"

घरातला उजेड कमी झाला होता. दारात माणूस उभा राहिला की होतो, तेवढाच. समोरच्या सारवलेल्या जमिनीवर, माझ्या सावलीच्या वर, आणखी एक सावली पडलेली मला दिसत होती.

मी मागे वळून पाहिलं नाही. तुम्हाला वाटेल, भीतीने. भीती होतीच. पण त्याहून वेगळं काहीतरी होतं. मागे कोण उभं आहे हे मला कळल्यासारखं झालं होतं. वर्षभर मीच त्या दारात उभा होतो, मनाने म्हणा. रोज हजेरीचं मस्टर उघडलं की रघूचं नाव यायचं, आणि रोज मी इथवर येऊन न बोलता परत जायचो.

"आजी," मी म्हणालो. "मी गेलो नव्हतो."

"कुठं?"

"त्या बेटावर. मी ते पाहिलेलंच नाही. होडीला भ्यालो. लोकांचं ऐकून लिहिलं. मालूने विचारलं होतं मला... पाणी ओहोटीचं की भरतीचं. मला माहीत नव्हतं. मी सांगितलं, सारखंच असतं."

उघाडीतलं पाणी वाजत होतं.

"आणि ती विहीर... ती पण नाही. ती मी रचली."

मग हळूहळू जमिनीवरचा उजेड वाढला. माझी एकट्याची सावली राहिली. परत चिखलाचा वास यायला लागला.

"गेला," काशीबाई म्हणाली. तिने सूप जवळ ओढलं, पण पाखडलं नाही. मग म्हणाली, "तिनं इचारलं होतं ना. माझ्या पोरीनं बरोबर इचारलं होतं." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तसाच बसून राहिलो. तिने मला जा म्हटलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. शेवटी म्हणाली, "रघूला सांगा. तो सोताला खातोय."

मी बांधावर गेलो तेव्हा सूर्य खाडीवर टेकला होता. उघाडीच्या खांबाला टेकून रघू बसला होता. दाढी वाढलेली, अंगात कंपनीचाच निळा शर्ट. मला बघून तो दचकून उठला आणि दोन पावलं मागे सरला. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि जे त्याच्या आईला सांगितलं ते सगळं त्याला सांगितलं. एका दमात, त्याच्याकडे न बघता.

मला वाटलं, तो माझी गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "तुमी गेला नव्हतात?"

"नाही."

"कदीच नाय?"

"कधीच नाही, रघू."

त्याने माझा दंड धरला. मी खरा आहे का ते बघितल्यासारखा. "मंग ऐका. मी कुनाला बोललो नाय. येडा म्हनतील म्हनून." "आमी निम्म्या वाटेवर गेलेलो. पानी गुडघाभर होतं, कागदात होतं तसंच. तळ दिसत होता. ती लई खुशीत होती. मंग ती थांबली. पायाशी बघितलं नि म्हनाली, पानी लागलं ओ. भरती हाय ही. परत फिरू."

"तिला कळलं होतं?"

"तिला कळनार नाय? खाडीवरची पोर ती. वळलीच होती. नि मंग तिनं पलीकडं बघितलं. त्या खडकावर..." तो थांबला. "खडकावर तुमी होतात. हात करत होतात. मी पन बघितलं. मालू म्हनाली, अगो बाई, दत्ताभाऊ हितं कसे? ते उभे हायेत म्हंजे पानी नाय चढत. आनि ती पुढं गेली. मी दगडात अडकलेला बूट सोडवत ऱ्हायलो मागं."

उघाडीचं पाणी आमच्या पायाखालून आत जात होतं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो.

"परत आल्यावर मी पयलं तुमचं मस्टर बघितलं," रघू म्हणाला. "त्या दिवशी तुमी हजर. सकाळपासून सांजपतूर. तवापासून मना तुमच्या समोर यायला भ्या वाटतं. आनि वरीस भरत आलं तसं... घरी बी."

त्या संध्याकाळी त्याने अर्जावर सही केली. काळोख पडायच्या आत मला टेम्पोपर्यंत सोडायला आला. वाटेत एकदाही तो माझ्या मागे राहिला नाही, पुढेही गेला नाही, बरोबरीने चालला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये उभा राहून मी सगळ्यांना सांगितलं की मी त्या बेटावर गेलो नव्हतो आणि त्या पानावरचं खोटं आहे. काही हसले. काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. ज्यांना ज्यांना ती पानं दिली होती त्यांच्या घरी जाऊन मी ती परत मागितली. बऱ्याच जणांनी दिली, काहींना सापडली नाहीत, एकाने ती पुढे कुणाला तरी दिली होती. हिने चुलीत घालताना मला विचारलं, "आता झोप लागेल?" तीन वर्षांत ती या विषयावर एवढंच बोलली.

रघू सोमवारी कामावर आला. हळूहळू जेवायला लागला. पावसाळ्यानंतर काशीबाईने त्याच्याबरोबर माझ्यासाठी सोललेले वाल पाठवले आणि निरोप दिला, दारात आता कोणी येत नाही. ती दुसऱ्या वर्षी गेली. मी खांदा दिला.

मला वाटलं, संपलं.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात रघूने कंपनी सोडली, त्याला दुसरीकडे काम मिळालं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी तो टाइम ऑफिसात आला, कार्ड दिलं, सही केली. निघाला आणि दारात थांबला.

"भाऊ, एक बोललो नव्हतो तुमाला त्या दिवशी."

"काय?"

"खडकावर तुमीच होतात. पन केस पांढरे होते. सगळे. आनि कमरेत वाकलेलात. मना वाटलं, उनाचं तसं दिसतंय."

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो. माझ्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. आज बघा. आज एकोणसत्तर पुरी झाली, आणि माझी पाठ कशी झालीय ते तुम्ही मघाशी बघितलंतच.

मी टेबलाची कड धरून बसलो होतो. एकच प्रश्न विचारायचा राहिला होता.

"रघू... मी हात करत होतो म्हणालास. कसा? या म्हणून... की परत जा म्हणून?"

तो दारात उभा राहून विचार करत राहिला. त्याने स्वतःचा हात वर उचलला, एकदा हलवला, आणि त्याच्याकडे बघितलं.

"तेच मना कळत नाय, भाऊ," तो म्हणाला. "लांबनं दोन्ही सारखंच दिसतं."